माळ्यावरचा रॉक

विस्मृत अल्बमचा पुनर्शोध म्हणजे एकेकाळी निघालेला, फारसा कुणी न ऐकलेला आणि मग सगळ्यांनी मिळून विसरलेला अल्बम वीस-तीस वर्षांनी हुडकून काढणे आणि तो आपल्याला पहिल्यापासूनच माहीत होता असं लोकांना सांगणे. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात ही क्रिया बहुधा रात्री जेवणं झाल्यावर सुरू होते आणि आतून “दिवा बंद कर” असा आवाज येईपर्यंत चालते. क्रिया करणाऱ्याला शोधक म्हणतात. घरात त्याला इतरही नावं आहेत, पण ती रागाच्या भरात ठेवलेली असल्यामुळे इथे देण्याचं कारण नाही.

आपल्या जन्माआधी निघालेल्या अल्बमवर शोधकाचा विशेष जीव असतो. त्या काळी आपण असतो तर पहिल्याच दिवशी जाऊन विकत घेतला असता, अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात त्या काळी जे हजर होते त्यांनीही तो घेतला नव्हता. म्हणून तर शोधायची वेळ आली.

विषयाची परिभाषा वस्तीत अजून रुळलेली नाही. ‘अल्टरनेटिव्ह’साठी एका शोधकाने ‘पर्यायी’ हा शब्द वापरून पाहिला, तेव्हा समोरचे काका दचकले. “पर्यायी कामून? गजानन मंदिराकडचा रस्ता परत खोदला का?” ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या आसऱ्याशिवाय काढलेलं संगीत, पण सोलापूरकडून येऊन इथे राहिलेल्या कुटुंबांच्या लेखी इंडी हा विजापूर जिल्ह्यातला तालुका आहे आणि तिथली लिंबं नामी असतात. “इंडीचं एक भारी आणलंय” एवढं भिंतीपलीकडून ऐकून शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन आल्या होत्या. ‘अल्बम’ म्हटलं की लग्नाचे फोटो निघतात आणि पुढचा तास कोण कुणाकडून आलं होतं यात जातो. राहता राहिला ‘रॉक’. ज्या जिल्ह्यात वेरूळचं सोळा नंबरचं लेणं एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं आहे, तिथे चार पोरांनी गिटारी घेऊन ‘आम्ही रॉक करतो’ असं म्हणताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा.

पुनर्शोधाची मात्र या जिल्ह्याला जुनी सवय आहे. एप्रिल १८१९ मध्ये मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीत पोचला आणि समोर त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यात शिरून एका खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. आसपासच्या गुराख्यांना लेणी ठाऊक होतीच. पण त्यांनी नाव कोरलं नव्हतं, त्यामुळे शोध स्मिथचा. पुंडलिकनगरातला शोधक याच घराण्यातला. तो नाव कोरतो ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर, आणि ते चोवीस तासांत पुसलं जातं. स्मिथचं अजून पुसट दिसतं.

शोधायला माल भरपूर आहे. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला’ नावाच्या सिगारेटची जाहिरात व्हावी म्हणून तंबाखू कंपनीने देशभरातल्या बँडांची स्पर्धा भरवली आणि ‘सिमला बीट’ नावाच्या दोन एलपी निघाल्या. सिगारेट गेली, बँड पांगले, आणि त्या तबकड्यांवर पुढे युरोपातल्या संग्राहकांच्या उड्या पडल्या. त्यातल्या बँडांची नावं ‘द कन्फ्युजन्स’, ‘हिप्नॉटिक आय’, ‘डायनोसॉर्स’ अशी आहेत. एकाचं नाव ‘जेन्युइन स्पेअर्स’. हे नाव शोधकाने घरात मोठ्याने उच्चारलं तेव्हा वाळूजला कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या त्याच्या वडिलांनी पहिल्यांदाच या विषयात रस घेतला.

“कोणत्या गाडीचे?”

“बाबा, बँड आहे तो.”

“असू दे. बिल पक्कं देतात का?”

मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ हा अल्बम बाजारात आला १९८१ मध्ये. नावात सत्त्याहत्तर आणि दुकानात एक्क्याऐंशी. ज्या शहराने पाणीपुरवठ्याच्या योजना पाहिल्या आहेत त्याला चार वर्षांचं काही वाटणार नाही, पण रॉकमध्ये तेवढ्यात दोन फॅशनी येऊन जातात. जी तबकडी तेव्हा कुणाला नको होती ती २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने नव्याने छापली आणि मूळ प्रतींचे भाव ऐकून जुन्या लोकांनी आपापले माळे झाडायला घेतले.

चरणजित सिंग यांचं उदाहरण रॉकमध्ये बसत नाही, पण शोधक ते दिल्याशिवाय राहत नाहीत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग बसवले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या पोरांनी १९८७च्या सुमारास जे ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून काढलं त्याच्याशी हे किती जुळतं, यावर विद्वानांची चर्चा झाली. सिंग यांनी राग वाजवला होता. राग कोणता, हे त्या चर्चेत फारसं कुणी विचारलं नाही.

खरा इंडी पाहायचा तर गोव्यात. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ शिवोलीच्या राहत्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं आणि सगळे आवाज स्वतःच करून मुद्रित केला. वेष्टन त्यांनीच सजवलं आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी त्यांनीच पोचवल्या. पुंडलिकनगरात व्यवसायाच्या या पद्धतीला इंडी म्हणत नाहीत; पापड-कुरडयांचा गृहउद्योग म्हणतात, आणि त्यात निदान उधारी वसूल करायला दीर तरी मिळतो.

परदेशातला माल तर मोजण्यापलीकडचा आहे. डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझने १९७० आणि १९७१ मध्ये दोन अल्बम काढले, अमेरिकेत ते पडले, आणि तो पाडकाम-बांधकामाच्या मजुरीला लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत तो घराघरात पोचला होता, हे त्याला कित्येक वर्षं कुणी कळवलंच नाही. त्याच्यावर २०१२ मध्ये निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. ही हकिगत शोधक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: “मग मधल्या काळातले पैसे कुणी खाल्ले?” प्रश्न रास्त आहे.

माल मिळाला की श्रवण. श्रवणाला एकांत आणि शांतता लागते, आणि पुंडलिकनगरात या दोन्ही गोष्टी नळाच्या पाण्यासारख्या आहेत: कधी येतील सांगता येत नाही, आल्या की धावपळ. शहराचं पाणी जायकवाडीहून येतं आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने सुटतं. गल्लीत “पाणी आलंऽऽ” अशी आरोळी उठते तेव्हा जो जागचा हलत नाही तो एक तर आजारी असतो किंवा बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन लावून बसलेला शोधक. एका शोधकाने १९९१ सालच्या एका अल्बमची दुसरी बाजू डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि डोळे उघडले तेव्हा नळ ठक्क कोरडा झाला होता. पुढच्या पाळीपर्यंत घरात त्याच्याशी फक्त टँकरवाल्याचा नंबर देण्यापुरतं बोललं गेलं.

तेव्हापासून त्याच्या हेडफोनवर बंदी आली आणि अल्बम स्पीकरवर वाजू लागले. त्याने प्रश्न सुटला नाही, फक्त सार्वजनिक झाला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडचा ‘लव्हलेस’ हा १९९१ सालीच निघालेला अल्बम जाणकारांमध्ये थोर मानला जातो. त्यात गिटारींचे थर एकमेकांवर असे चढवलेत की सूर, शब्द आणि घरघर वेगळी काढता येत नाही. तो सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला आई पदराला हात पुसत धावत बाहेर आली आणि तिने पाण्याच्या मोटारीचं बटण बंद केलं.

“अगं, मोटार बंदच होती.”

“मग हवा कोण ओढायलंय?”

‘लो-फाय’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. यात ध्वनिमुद्रण मुद्दाम हलक्या यंत्रावर, खरखरीसकट केलेलं असतं. वडिलांनी हे दोनदा समजून घेतलं. “मुद्दाम?” “हो.” “आणि विकतात?” याच प्रकारचा अल्बम चालू असताना खाली भंगारवाल्याचा गाडा आला. त्याच्या भोंग्यात स्वतःच्याच आवाजातली आरोळी भरून ठेवलेली असते आणि ती अशी फाटलेली असते की फक्त शेवटचा ‘आऽऽर’ कळतो. शोधकाने गॅलरीतून ओरडून भोंगा बंद करायला सांगितलं. भंगारवाल्याने केला. मान वर करून तो मिनिटभर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, स्पीकर देऊन टाका. कॉइल गेली त्याची.”

श्रवणानंतर प्रसार. या टप्प्यावर शोधकाला एकटेपणा असह्य होतो आणि तो मित्राला चहाच्या टपरीवर बोलावून एक इअरफोन त्याच्या कानात घालतो. मग तो गाणं ऐकत नाही, मित्राचं तोंड ऐकतो. “आता बघ... आता नाही, थांब... हां, आता.” मित्र चहाचा ग्लास हातात तसाच धरून भिंतीकडे पाहत राहतो. पाच मिनिटांनी, मैत्री टिकवायची म्हणून, तो म्हणतो, “लई भारी. गाणं कधी चालू होतं?”

प्रसार फसला तर शोधक दुःखी होतो. सफल झाला तर जास्त. अमेरिकेतल्या ‘पेव्हमेंट’ या बँडचं ‘हार्नेस युअर होप्स’ हे गाणं १९९९ मध्ये मुख्य अल्बममध्ये न घेता एका छोट्या तबकडीवर बाजूला टाकून दिलं होतं. पुढे गाणी पुरवणाऱ्या अ‍ॅपच्या यंत्राने ते इतर गाण्यांमागून आपोआप वाजवायला घेतलं, मग पोरासोरांनी त्यावर छोटे व्हिडिओ केले, आणि बँडची मोठी मोठी गाणी मागे टाकून ते पुढे गेलं. एका शोधकाने हे गाणं आपल्या खास ठेव्यातून काढून बारा वर्षांच्या भाचीला ऐकवलं. “मामा, हे तर रीलवालं,” असं म्हणून तिने त्यावरची हातवाऱ्यांची कसरतही करून दाखवली. त्या रात्री मामाने पेव्हमेंट सोडलं. सध्या तो आणखी कमी लोकांनी ऐकलेल्या एका बँडच्या मागे आहे. नाव सांगत नाही.

आता मूळ प्रत. अल्बम फोनवर फुकट ऐकता येतो तरी शोधकाला मूळ कॅसेट लागते, आणि या संदर्भात पुंडलिकनगरातलं एक प्रकरण सविस्तर देण्याजोगं आहे. त्यातल्या शोधकाला ‘रॉक मशीन’चा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हवा होता. हा मुंबईचा बँड १९८४चा. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायला उदय बेनेगल. आपल्याकडचे बहुतेक बँड विलायती गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत होते तेव्हा या मंडळींनी स्वतःची इंग्रजी गाणी रचून १९८८ मध्ये हा अल्बम काढला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. आपल्या गावाचं नाव बदललेलं पाहिलेल्या माणसाला यात काही अडचण नसावी, पण शोधक जुन्या नावावर अडून बसला. परगावच्या एका विक्रेत्याने कॅसेटची किंमत सांगितली तेव्हा तो आईकडे गेला आणि आईने त्याला दिवाळीच्या साफसफाईला लावलं. माळ्यावर, फुटलेल्या कुंडीत ठेवलेल्या जुन्या वायरींच्या खाली, थोरल्या काकांच्या खोक्यात तीच कॅसेट निघाली. काका मुंबईला शिकत असताना ती घेऊन आले होते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि रॉक माळ्यावर गेला.

कॅसेट वाजेल अशी अवस्था नव्हती. कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे, तांब्याच्या पातळ पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला की गाणं पांघरुणातून आल्यासारखं येतं. शोधकाने आईच्या पाकिटातली मखमली टिकली काढली, कात्रीने अर्धी केली आणि चिमट्याने पट्टीवर डकवली. माप तंतोतंत बसलं. फीत ढिली पडली होती, ती सहा कोनांची पेन्सिल चक्रात घालून गुंडाळली. टेपरेकॉर्डरचा आतला पट्टा मात्र वितळून डांबर झालेला होता. त्याच्या जागी मेथीच्या जुडीचं रबर घातलं. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने पळायला हवी. मेथीला हे माहीत नसावं. गाणं निम्म्या वेगाने निघालं आणि गायकाचा आवाज सरपंचासारखा भारदस्त झाला. शोधकाने त्याच रात्री मित्रांना कळवलं की मूळ कॅसेटवरचा आवाज काही औरच आहे, जड, गूढ, काळाच्या पुढचा. दोन दिवसांनी पट्टा बदलला तेव्हा काळ पुन्हा जागेवर आला. खुलासा पाठवायचा राहून गेला.

नव्या पट्ट्यावर पहिली बाजू नीट वाजली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मिनिटभर चाललं, खट् असा आवाज झाला, आणि गिटारीच्या जागी आजी बोलू लागली.

विकत मिळणाऱ्या भरलेल्या कॅसेटच्या पाठीवर दोन भोकं असतात, चुकून वर काही मुद्रित होऊ नये म्हणून. या कॅसेटच्या एका भोकावर चिकटपट्टी लावलेली होती. आजीने त्या बाजूवर दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या एकवीस अध्यायांपैकी शेवटचा वाचून भरला होता. मध्येच कुकरची शिट्टी आहे. एके ठिकाणी ओवी थांबवून आजी “गॅस बारीक कर गं” असं म्हणते आणि तिथूनच पुढे वाचते. शोधकाने नांदेडच्या आत्याला फोन लावला.

“आत्या, हे काय करून ठेवलंय? मिळत नाही ती कॅसेट!”

“अरे, डोळ्याचं ऑपरेशन होतं तिचं. वाचता नाही आलं तर ऐकता यावं म्हणून भरून ठेवलं. कोरी कॅसेट नव्हती घरात. म्हणाली, ही घे, इंग्रजीच आहे, कोण ऐकतंय.”

बाजाराविषयीचा हा अंदाज त्या काळच्या कंपन्यांच्या अंदाजाशी बराचसा जुळतो.

शोधक ती बाजू पुढे पळवणार तेवढ्यात वडील दारात येऊन उभे राहिले. आजीला जाऊन आठ वर्षं झाली होती. या घरात गेली दहा वर्षं त्यांनी गाण्यांविषयी एकच सूचना दिली होती, ती म्हणजे बारीक कर. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “वाढव जरा.”

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी गल्लीतल्या जुन्या काकू आणि वहिनी जमल्या. टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला होता. आजीचा अध्याय सुरू झाला, शिट्टी आली, गॅस बारीक झाला. शोधक मागे भिंतीला टेकून या नुकसानीकडे पाहत होता. अध्याय संपला, पुन्हा खट् झालं, आणि ज्या ठिकाणी आजीचं मुद्रण थांबलं होतं तिथून खालचं मूळ गाणं वर आलं: ढोलांचा दणका, गिटारीची एक लांब किंचाळी, जेमतेम वीस सेकंद, की बाजू संपली. कुणी दचकलं नाही. उलट पहिल्या दणक्यालाच कोपऱ्यातल्या काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दुसरीने काडी ओढली, आणि गिटार थांबायच्या आत कापूर पेटलेला होता. टेप बंद पडेपर्यंत कित्येक वर्षं दर गुरुवारी हे असंच चालत आलं होतं.

आरती झाल्यावर शोधकाने सगळ्यांना थांबवून घेतलं. हे मुंबईच्या एका बँडचं गाणं आहे, अख्ख्या गावात कुणाला माहीत नाही, असं सांगून त्याने ते फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं. काकूंनी प्रसादाची वाटी हातात धरून शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, हे तर कापराचं गाणं,” त्या म्हणाल्या. “पण तुझं फार लांबतंय. आपल्याकडे शेवटचं तेवढंच घेतात.”